गुडघ्याला बाशिंग बांधलेला गोल्डफिश

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दोन बाय एक बाय एक फुटाची काचेची टाकी आहे, सव्वा वर्षापासून. डोक्यावर मऊ मुकुट असलेले दोन केशरी ओरांडा, एक पांढरा रेड कॅप (लाल मुकुटाचा ओरांडाच), बाहेर आलेल्या डोळ्यांचा एक ब्लॅक मूर आणि दिवाळीनंतर आणलेला लांब शेपटीचा कॉमेट, असे पाच गोल्डफिश. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी त्यांनी अर्धं पाणी बदललं आणि सोमवारी पहाटेपासून एक केशरी मासा पांढऱ्याच्या मागे हात धुऊन लागला. बुधवारी दुसरा केशरीही सामील झाला. पांढऱ्याची शेपटी दोन ठिकाणी फाटली आहे, तो फिल्टरच्या नळीमागे तोंड खुपसून बसतो. केशरीच्या गालांवर पांढरे ठिपके आलेत. त्याला रोग झालाय आणि म्हणून तो चिडलाय का? दुकानदाराने दोन सल्ले दिले: मारकुटा मासा परत आणून द्या, नाहीतर आणखी दोन मासे टाका, म्हणजे मार वाटला जाईल. मुलगी रडतेय. काय करू?

ताई, आधी आज संध्याकाळी करायचं काम सांगतो, कारणं मागाहून.

पंचवीस-तीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या, साबण कधी न लागलेला. निम्मं पाणी टाकीतलं, निम्मं क्लोरीन घालवलेलं ताजं. दोन्ही पाण्यांत हात घालून बघा, गार-गरम वाटता कामा नये. एअर पंपाची एक नळी बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडासकट त्यात सोडा आणि पांढऱ्या माशाला तिकडे हलवा. जाळीने पकडू नका. ओरांडाचे खवले आणि डोक्यावरचा तो मऊ मुकुट जाळीत खरवडतो. स्टीलचं मोठं वाडगं पाण्यात बुडवून माशाला हळूच त्यात येऊ द्या आणि पाण्यासकट उचला. टबावर मच्छरदाणीचं कापड बांधा, घाबरलेला मासा उडी मारतो. पहिला दिवस उपास. टबात फिल्टर नाही, म्हणून रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं. चार-पाच दिवस तिला तिथेच राहू द्या.

हो, "तिला". तुमचा पांढरा मासा मादी आहे, आणि टाकीत चाललंय ते भांडण नाही.

तुमचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी तीनदा बघितला. केशरी कुठे तोंड लावतोय ते नीट बघा. डोळ्याला नाही, कल्ल्याला नाही, शेपटीच्या टोकालाही नाही. तो तिच्या पोटाच्या मागच्या भागाला, शेपटी जिथे सुरू होते त्याच्या खालून ढुशी देतोय. ती वळली की तोही वळतो आणि अंगाला अंग घासत तिला कोपऱ्यातल्या झाडाकडे रेटतो. मध्ये एकदा ती तोंड वर करून पाण्याच्या पृष्ठभागाशी येते तेव्हा वरून तिचं पोट दिसतं, डावीकडे जरा जास्तच फुगलेलं. अंडी भरलेली मादी वरून अशीच दिसते, एका कुशीवर गोणी लादल्यासारखी. नर वरून सडसडीत आणि दोन्ही बाजूंनी सारखा.

आता ते पांढरे ठिपके. टाकीवरचा दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका मारा. ठिपके कल्ल्यांच्या झाकणावर आहेत, आणि पुढच्या परांच्या जाड काडीवर रव्याचे दाणे ओळीने चिकटवल्यासारखे आहेत, बरोबर? बाकी अंगावर, शेपटीवर एकही नाही? मग तो रोग नाही, नराला हंगामात येणारे बारीक पुटकुळे आहेत, वयात आलेल्या पोराला मिसरूड फुटावी तसे. हंगाम संपला की जातात. पांढऱ्या ठिपक्यांचा खरा रोग वेगळा दिसतो: बारीक मीठ अंगभर उधळल्यासारखं, परांवर, शेपटीवर, कुठेही, मासा खड्यांवर अंग घासतो, पर मिटून बसतो, आणि दोन-चार दिवसांत बाकीच्यांनाही लागण होते.

हे इतकं लांबवून सांगतोय कारण इथेच मी हात पोळून घेतलेत. डोंबिवलीत गच्चीवर मी सव्वीस वर्षं गोल्डफिश पाळतोय, पण पहिल्या वर्षी अशाच एका नराचे पुटकुळे रोग समजून टाकीत आठ दिवस मेथिलीन ब्लू हे निळं औषध ओतलं. ठिपके गेले नाहीतच. त्या औषधाने फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू तेवढे मेले, अमोनिया चढला, आणि धडधाकट असलेले दोन मासे गेले. ज्याला औषध द्यायचं म्हणून सगळा खटाटोप, तो ठणठणीत राहिला.

रविवारी पाणी बदललं आणि सोमवारी पहाटे हे सुरू झालं, यातही योगायोग नाही. थंडी सरली, पाणी हळूहळू ऊबदार व्हायला लागलं, तशात गच्चीवरच्या टाकीतलं गार ताजं पाणी अर्धी टाकी भरून आलं. गोल्डफिशच्या लेखी ही वसंताची वर्दी. मादीची अंडी पक्व होऊन सुटली की तिच्या शरीरातलं एक संप्रेरक लघवीवाटे पाण्यात उतरतं आणि नर त्या वासाने वेडे होतात. उघड्या तळ्यात हा सोहळा पहाटे सुरू होतो. दोन-तीन नर मादीला पाणवनस्पतींत रेटत नेतात, तिथे ती अंडी उडवते, ते वर फलन करतात, आणि दुपारपर्यंत सगळे दमून गप्प.

तळ्यात मादीला पळायला वाव असतो. तुमच्या टाकीत ती दोन फूट पळाली की काच. म्हणजे नर उतावळा आहे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय, हे खरं. पण शेपटी त्याच्या दुष्टपणाने फाटलेली नाही, जागेच्या अभावाने फाटलीय. जबड्यात दात नसतात गोल्डफिशला, ते घशात असतात. एकाने दुसऱ्याचा लचका तोडला असं सहसा होत नाही. पळताना शेपटी नळीच्या टोकावर, शोभेच्या किल्ल्याच्या कडेवर, खरबरीत खड्यांवर फाटते. तुमच्या टाकीत तो प्लास्टिकचा जहाजाचा सांगाडा आहे ना, त्याच्या खिडक्यांवरून जुना पायमोजा फिरवून बघा. जिथे धागा अडकेल तिथे शेपटीही अडकते. मी तर ते जहाज काढूनच टाकीन.

मग मधे जाळीचा पडदा का नको, टब कशाला? कारण जाळीतून वास जातो. नर दिवसभर जाळीवर डोकं आपटत बसतो आणि मुकुट सोलवटून घेतो. वेगळं पाणी हवं. शिवाय अशा वेळी मादीला काढायचं, नराला नाही, कारण विश्रांती तिला हवी आहे, जखमा तिला आहेत. खऱ्या दादागिरीत याच्या उलट करायचं. त्याबद्दल खाली लिहितो.

शेपटीसाठी टबात जाडं मीठ: पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम, दुसऱ्या दिवशी आणखी १ ग्रॅम, बस्स. वीस लिटर पाणी असेल तर २० आणि २० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, चमच्याच्या भरवशावर राहू नका. आधी मगमध्ये विरघळवून कडेने ओता. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. झाडं असलेल्या मोठ्या टाकीत मात्र नको, झाडं जळतात. नुसत्या फाटलेल्या शेपटीला तीन-चार आठवड्यांत नवा पडदा येतो, आधी काचेसारखा पारदर्शक. पण कडा लाल झाली, पांढुरकी होऊन झडायला लागली, तर शेपटी सडतेय; तेव्हा मिठावर विसंबू नका, मला लगेच कळवा.

आता दुकानदाराचे सल्ले. आणखी दोन मासे टाका म्हणजे मार वाटला जाईल, हे तत्त्व अगदीच खोटं नाही. मोठ्या हौदात दोनच मासे असले तर एकाच्या नशिबी सगळा जाच येतो, सहा-सात असले तर विभागला जातो. पण तुमच्या टाकीचा हिशेब करू या. साठ गुणिले तीस गुणिले तीस सेंटिमीटर म्हणजे ५४ लिटर. तळाचे खडे, वर सोडलेली जागा वजा केली की हातात ४५ राहतात. भागिले पाच. एका माशाला नऊ लिटर, म्हणजे धड एक बादलीसुद्धा नाही. माझा स्वतःचा हिशेब पहिल्या फॅन्सी गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० असा आहे. लोक हसतात, दुकानदार तर भांडतात. तो आकडा कुणावर लादत नाही, पण ४५ लिटरमध्ये सातवा मासा टाकायला सांगणाऱ्याने आधी स्वतः विरारच्या लोकलमध्ये महिनाभर उभं राहून यावं.

जमलं तर चार ओरांडा-मूरसाठी तीन बाय दीड बाय दीड फुटाची टाकी घ्या. भरल्यावर साधारण १६० लिटर पाणी राहतं, माझ्या हिशेबापेक्षा थोडं कमीच, पण आत्तापेक्षा कितीतरी बरं. उंचीपेक्षा लांबी जास्त महत्त्वाची. तेवढ्या भरलेल्या टाकीचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीच्या कपाटावर ठेवू नका.

कॉमेटबद्दल तुम्ही काही विचारलंच नाहीत, पण माझ्या मते तुमच्या टाकीतला खरा बेमेळ तोच आहे. एकेरी शेपटी, सडपातळ अंग, बाणासारखा पळतो. ओरांडा म्हणजे पैठणी नेसून बसलेली नवरी आणि हा शाळेच्या मैदानावरचा पोरगा. दाणे टाकले की ओरांडा वळेपर्यंत निम्मे याच्या पोटात. ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असले तरी दृष्टी अधू. त्याला दाणा खाली पडून नाकाशी आला तरच कळतो. गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, म्हणून तो कायम भुकेला दिसतो आणि खायच्या वेळी धक्काबुक्की करतो. पुष्कळ जणांना वाटतं मासे "आक्रमक" झालेत, आणि असतं एवढंच की दाणे एका जागी पडतात.

खाणं देताना तरंगणारे दाणे बंद करा. बुडणारे दाणे टाकीच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोन टोकांना टाका. आधी कॉमेटच्या बाजूला, तो तिकडे गेला की दुसरीकडे. दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार, साल काढून. मूरला लाकडी चिमट्याने तोंडाशी द्या, आठवड्याभरात तो चिमटा ओळखतो. मुलीला हे काम द्या, रडणं थांबेल.

कॉमेट पुढे फूटभर वाढू शकतो. त्याची जागा हौदात. ओळखीत कुणाच्या गच्चीवर सिमेंटचा किंवा फायबरचा हौद असेल, वर कावळ्या-मांजरांसाठी जाळी असेल, तर त्यांना द्या. तुम्ही तलावांच्या शहरात राहता म्हणून मुद्दाम बजावतो, तलावात सोडू नका. तिथे तो एक तर मरतो, नाहीतर जगून तळ ढवळतो आणि तिथल्या माशांची अंडी खातो. पुण्याचं काम वाटून लोक हे करतात.

खरी दादागिरी गोल्डफिशमध्ये क्वचित, पण असते. हंगाम नाही, पुटकुळे नाहीत, ढुशी पोटामागे नसून कुठेही आणि सारखी, खाण्याच्या जागेवरून एकालाच हाकललं जातंय, आणि हाकलणारा बहुतेक सगळ्यांत मोठा किंवा सगळ्यांत जुना, असं दिसलं तर ती दादागिरी. तिथे मार खाणाऱ्याला काढून उपयोग नाही. तो परत आला की पाहुणा ठरतो आणि दुप्पट मार खातो. दादाला आठ-दहा दिवस बाहेर ठेवायचं. तेवढ्यात टाकीतली झाडं-दगड हलवून टाकायचे. मग रात्री दिवे घालवल्यावर, बाकीच्यांना पोटभर खायला घालून, त्याला परत सोडायचं. आता पाहुणा तो असतो. माझ्याकडे रयुकिन जातीची एक जुनी गोल्डफिश होती, दोनदा अशी हद्दपार झाली आणि तिसऱ्यांदा निमूट राहिली. एक मात्र शेवटपर्यंत सुधारला नाही, तो एकटाच स्वतंत्र हौदात नऊ वर्षं जगला.

त्याआधी एक शंका नेहमी फेडून घ्यावी: मार खाणारा मासा आधीपासूनच आजारी आहे का? मंद झालेल्या, तोल गेलेल्या माशाला बाकीचे टोचत राहतात. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, सुटलेला खवला त्यांना खाऊ वाटतो. तिथे पाठलाग थांबवून भागत नाही, आजार शोधावा लागतो.

आणि कधी गुन्हेगार गोल्डफिश नसतोच. एका दवाखान्यातल्या टाकीची गोष्ट. तिथे मोठ्या ओरांडाच्या कुशीवर रुपयाएवढे लालसर, सोललेले डाग पडायचे. सगळ्यांचा संशय एका काळ्या गोल्डफिशवर, त्याला तीनदा बादलीत टाकून झालं होतं. मी रात्री साडेदहाला, दवाखाना बंद झाल्यावर गेलो, अंधारात अर्धा तास थांबलो आणि टॉर्च लावला. "टाकी साफ करतो" म्हणून दुकानात मिळणारा सकर, वीतभर झालेला, झोपलेल्या ओरांडाच्या अंगाला जळूसारखा चिकटून तिचा बुळबुळीत थर ओरपत होता. दिवसा हेच महाशय काचेला चिकटून साधूसारखे. त्याला बाहेर काढल्यावर महिन्याभरात डाग भरले. गोल्डफिशबरोबर सकर नको, टायगर बार्ब तर नकोच नको; तो लांब शेपट्या कुरतडतो. तुमच्याकडे हे दोन्ही नाहीत, पण कुणी "शेवाळ खाईल" म्हणून गळ्यात मारायला आलं तर लक्षात असू द्या.

पाण्याची चाचणी मात्र आजच करा, निदान थेंबांच्या किटने. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत. अमोनिया असेल तर मासे कल्ल्यांची आग होऊन अचानक सुसाट पळतात, एकमेकांवर आदळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं मारामारी चाललीय. पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा पीएचही मोजा. एकूण अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ७ ला त्यातला शेकडा अर्धाच भाग विषारी असतो, ८ ला पाचच्या आसपास. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर पीएच चढा असण्याची शक्यता बरीच. आणि पाणी बदलायचं ते अर्धं एकदम नको, आठवड्याला पाव-पाव बदला. ताजं पाणी टाकीतल्या पाण्याच्याच तापमानाचं, क्लोरीन घालवून.

रात्री आवाज होतो म्हणून एअर पंप बंद करता का? बरेच जण करतात. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. पुढे एप्रिल-मे आहे, तुमच्या टाकीत गर्दी आहे, आणि धावपळ करणाऱ्या माशाला नेहमीपेक्षा जास्त लागतो. पंपाखाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा घाला, आवाज निम्मा होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, दिवे घालवून, पांढरीला परत टाकीत सोडा. पोट उतरलेलं आणि दोन्ही बाजूंनी सारखं दिसत असेल तर नर एखाद तास हुंगून सोडून देतील. पुन्हा लागलेच तर पुन्हा टब. हंगामात असं दोन-तीनदा होतं. दोन नरांमागे एक मादी हे प्रमाण तिच्यासाठी जाचकच आहे, एका नराला दोन माद्या असल्या तर बरं. पण दुकानातली लहान पिल्लं नर की मादी हे तुम्हालाही कळत नाही आणि विकणाऱ्यालाही नाही, त्यामुळे छातीठोक "जोडी" म्हणून जास्त पैसे कुणी मागितले तर देऊ नका. मूरचे कल्ले टॉर्चने बघा. तो मादी निघाला तर निम्मा प्रश्न आपोआप सुटला.

केशरीला परत देऊ नका. त्याचा काही गुन्हा नाही, आणि दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून त्याच्या जागी येणारा मासा काय घेऊन येईल, सांगता येत नाही.

एक राहिलं. फिल्टरचा स्पंज आणि झाडांच्या पानांची खालची बाजू बघा. साबुदाण्याच्या कणीहून लहान, पिवळसर पारदर्शक मणी चिकटलेले दिसले तर ती अंडी. बाकीच्यांनी बहुतेक फस्त केली असतील, पण एखादं पान वाचलं असेल तर ते कापून वेगळ्या बरणीत, त्याच टाकीच्या पाण्यात ठेवा, हवेचा एक बारीक बुडबुडा सोडून. फलन न झालेली एक-दोन दिवसांत पांढरी पडतात, ती ड्रॉपरने उचलून टाका. उरलेल्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळे डोळे हलताना दिसतील. मुलीला आधीच सांगून ठेवा की पिल्लं सुरुवातीचे काही महिने मळकट तपकिरी असतात, नाहीतर ती म्हणेल आईने बदलून दुसरेच मासे आणले.